वजाबाकीचं बीपी

गरोदरपणात मला एक गोष्ट कळली. जाड बाईला एकच आजार होतो, जाडी. डोकं दुखलं, जाडी. धाप लागली, जाडी. पाय सुजले तेव्हा आमच्या मालवणी सासूबाई म्हणाल्या, "सूज खय? अंगान भरलेली आसा ती." झालं, निदान संपलं.

डिलाईल रोडला आमच्या घराजवळच दवाखाना होता. तिथला बीपीचा पट्टा माझ्या दंडाला कसाबसा पुरायचा आणि हवा भरली की चर्रकन सुटायचा. मग सिस्टर तो हाताने दाबून धरायच्या. आकडा जास्त आला की म्हणायच्या, "पट्टा लहान पडतो ना, म्हणून जास्त दाखवतो. वीस वजा करू या."

लहान पट्टा आकडा फुगवतो, हे खरंच आहे. पण नेमका किती, हे न मोजता कसं कळणार? मोठा पट्टा मागवण्यापेक्षा वजाबाकी सोपी, आणि आम्हा सगळ्यांना ती फार आवडली. दादरला साडीवर सूट मिळावी तशी बीपीवर सूट घेऊन मी दर वेळी खुशीत घरी यायचे.

सातव्या महिन्यात लालबागच्या हॉलमध्ये डोहाळजेवण झालं. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं, पण फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेल्या बाईने कुरकुर करायची नसते. पेढा की बर्फी ओळखायला समोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या. मला चार दिसत होत्या. तसं मी म्हटलं, तर कुणीतरी म्हणालं, "म्हणजे जुळं!" हॉलभर हशा पिकला. नवरा तेवढा हसला नाही. त्याने मला उठवलं आणि फुलांसकट टॅक्सीत घातलं.

परळच्या मोठ्या इस्पितळात आधी पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीला, हात उशीवर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. कपाटातून रुंद पट्टा आला, दंडावर नीट बसला. बीपी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा भयंकर.

"आधी किती असायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वीस वजा करून नॉर्मल," नवरा म्हणाला.

"कशातून वजा करून?"

मग बाईंनी मला बाळाच्या हालचालीबद्दल विचारलं. बाळ शेवटचं कधी हललं, मला काही केल्या आठवेना.

त्याच दिवशी सिझेरियन झालं. मुलगी. जेमतेम सव्वा किलोची, नळ्या लावून काचेच्या पेटीत ठेवलेली. मला तिसऱ्या दिवशी चाकांच्या खुर्चीतून तिथे नेलं, तर सासूबाई आधीच काचेला कपाळ लावून उभ्या. लग्न झाल्यापासून माझ्या ताटातली दुसरी पोळी मोजणारी ही बाई रडत रडत नातीला विनवत होती, "अंग धर गो माझ्या बाय, जरासा अंग धर."