ओल्या पोत्याची खाज

तुळसाबाईचा राग सुपेल्याजवळच्या मजुरांच्या झोपड्यांत सगळ्यांच्या ओळखीचा होता. बाई भंडाऱ्याकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. नवरा चंपत नव्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, दोरखंडांनी अवजड लोखंड वर चढवणारा, आणि ती स्वतः रेजा. म्हणजे दिवसभर डोक्यावर सिमेंट-गिट्टीचं घमेलं. मुकादमाला ती तोंडावर 'मेल्या' म्हणायची. तरी तो तिला काढत नव्हता. तिच्याएवढी घमेली उचलणारं दुसरं होतं कोण?

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर तिची कुत्री भुरी दारात काळीकुट्ट होऊन बसलेली. अंगातून जळक्या ऑइलचा वास. पुढ्यात पिवळी ओकारी.

"कोनं केलं हे?"

चंपत चुलीपाशी उकिडवा बसला होता. "मीच लावलं. ट्रकच्या गॅरेजातून आनलं. सारेच लावतेत, खरूज मरते म्हनतेत."

"आन् कुत्र्याचं काय होते ते नाई सांगत कोनी? ते चाटून राहिली ना ऑइल! पोटात गेलं ते!"

"मंग काय करू? शेषराव येऊन गेला. सोमवारी गाडी येनार हाय. खरजुली कुत्री गाडीत घालून नाल्यावर नेतेत आन् गोळी घालतेत. भुरीचं नाव लिवलं त्यानं."

शेषराव हा ठेकेदाराच्या कॅम्पचा सफाई जमादार. मंगळवार होता. सहा दिवस.

तुळसाबाईने आधी रिठे कुटले. कोमट पाण्यात फेस काढला आणि भुरीला तीनदा धुतलं. चंपतने मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "तुमी दूर राहा. तुमच्या हातानं बिघडते."

ऑइल निघाल्यावर खालची कातडी दिसली, आणि ती थबकली. गावाकडे तिने खरूज भरपूर पाहिली होती. खरूज आधी कानाच्या कडेला धरते, मग कोपरावर, मग सगळ्या अंगभर. भुरीचे कान स्वच्छ होते. पाठ चकचकीत. शेपटीच्या बुडाशी पिसू नाही, बोटांच्या फटीत गोचीड नाही. लाल होतं ते पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू आणि पायांच्या गाद्या. जिथे जिथे कुत्रं भुईला टेकतं, तिथेच. कातडी तडकलेली, कडांना पांढरट.

अशी कातडी तिने रोज पाहिली होती. आपल्याच तळहातांवर.

"काहो," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज हळू झाला की चंपत जास्त घाबरायचा. "दुपारी भुरी कुठी निजते?"

"इथंच, पोत्यावर. लई तपते ना. म्हनून मी जेवाच्या सुट्टीत येऊन पोत्यावर रोज पानी मारतो. गार वाटते तिले."

पोतं सिमेंटचं होतं. रिकामं झालेलं, झटकलेलं. पण तागाच्या धाग्याधाग्यात सिमेंट बसलेलं. गावाकडे उन्हाळ्यात पोतं ओलं करून जनावराखाली टाकायची रीतच. तिथली पोती मात्र धानाची. इथे चंपत महिनाभर, मोठ्या मायेने, कुत्रीच्या पोटाखाली रोज ओलं सिमेंट अंथरत होता.

तिने ते पोतं उचललं आणि त्याच्या अंगावर फेकलं.

"झोपा यावर! पानी मारून झोपा! मंग सांगा मले गार वाटते का नाई!"

दुसऱ्या दिवसापासून तिचं एकच चाललं. सकाळ-संध्याकाळ भरपूर साध्या पाण्याने पोट आणि पाय धुवायचे, फडक्याने टिपायचे, भाताची गार पेज लावायची, वाळली की धुऊन वर खोबरेल. चाटू नये म्हणून जुन्या लुगड्याचा पट्टा बांधायचा. खाली कोरडी तणस, म्हणजे धानाचा पेंढा. शेजारची मथुरा म्हणाली, "कुत्रीचं बाळंतपन करून राहिली का वं?"

"तुह्यं केलं तवा तू जास्त वरडली होती," तुळसाबाई म्हणाली.

आणि एक गोष्ट तिने मुद्दाम केली. सहाही रात्री भुरीला आपल्याच गोधडीवर घेतलं.

सोमवारी गाडी आली. शेषराव वही घेऊन उतरला. भुरीचं पोट कोरडं झालं होतं, खपल्या धरल्या होत्या, पण केस नव्हते.

"बाई, केस नाईत. खरूज हाय."

"कान पाह्य आदी. खरूज कानाले नाई आन् पोटाले होते का? सहा रोज माह्या अंथरुनात निजली हे. माह्या आंगावर एक पुरळ दाखव. यांच्या आंगावर दाखव. दाखव ना! वहीत तोंड कावून घालतं?"

"मले हुकूम हाय."

"हुकूम खरजेचा हाय का सिमिटाचा? सिमिटाचा असन तर मले घाल गाडीत!" तिने दोन्ही पंजे त्याच्या वहीवर आपटले. "तुह्या ठेकेदारानं हातमोजे देल्ले कधी? हे तेच हाय. माह्ये हात सिमिटात रायतेत, कुत्री सिमिटाच्या पोत्यावर निजते, एवढाच फरक."

शेषराव त्या हातांकडे पाहत राहिला. मग खाली बसला, भुरीचा कान उलटून पाहिला, पोट पाहिलं. नाव खोडलं. "पंधरा दिवसांनी पाहून जाईन," पुटपुटला.

"पाहून जाय. आन् गाडी रिकामी कावून नेतं?"

तिने पहिलं पोतं गाडीत भिरकावलं. मग मथुराने आपल्या पोराच्या खालचं ओढलं; त्या पोराच्याही ढुंगणावर महिनाभर पुरळ होतं. झोपड्यांच्या ओळीतल्या दहा-बारा बाया आपापली पोती घेऊन निघाल्या. शेषराव "अवं बाई, अवं बाई" करत राहिला.

दोन दिवसांत निम्मी पोती परत आली. भुईवर झोपणार तरी किती दिवस? चंपतनेही चार आणली. नळावर धुतली, आपटली, पुन्हा धुतली, उन्हात वाळवली आणि बायकोपुढे आणून ठेवली. तुळसाबाईने एकेक पोतं गालाला घासून पाहिलं. तीन बाजूला ठेवली. चौथं त्याच्या हातात परत दिलं.

"अजून टोचते. जा."