या पावणं, बसा की

“या पावणं, बसा की,” म्हणत मॅडम कॅरमवर पावडर टाकायच्या. दारात मुलगा असो की मुलगी, हाक तीच. आपल्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, यात तुम्हाला नवल नाही. पण कॉलेजात विद्यार्थ्यांना तशी हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.

कोरोनानंतर कोल्हापुरातलं आमचं कॉलेज पुन्हा भरलं, तेव्हा मी उपप्राचार्य होतो. पहिल्या वर्षाची मुलं अकरावी-बारावी मोबाईलवर करून आलेली. हजेरीला नाव पुकारलं की काहींना घाम फुटायचा. कुणी जिन्याखाली एकटंच डबा खायचं. त्यांच्याशी बोलायला म्हणून संस्थेनं मानसशास्त्राच्या या मॅडमना तासिका तत्त्वावर घेतलं. त्या कुरुंदवाडहून एसटीनं येत. मी त्यांना जिमखान्याची जुनी खोली दिली. तिथं फाटक्या जाळ्या होत्या आणि एक कॅरम.

त्या कुणाचं नाव विचारत नसत. मी एकदा टोकलंही.

“दोन वर्षं नुसती नावंच होती की, सर,” त्या म्हणाल्या. “मोबाईलच्या काळ्या चौकोनात. आता आधी माणूस येऊ दे. नाव काय, येतंय मागनं.”

पोरानं आपणहून नाव सांगितलं की त्याचं पावणंपण संपायचं.

मुरगूडची एक मुलगी होती. तिची आई कोरोनात गेलेली. वर्ग सुरू झाला की ती उठून बाहेर यायची आणि या खोलीत सोंगट्या रचत बसायची. एके दिवशी तिनं राणी घेतली आणि त्या आनंदात बोलून गेली, “मॅडम, मी स्वाती.”

“बरं झालं. आता कव्हर घे की गं, स्वाती!”

मी दारातच होतो. ती मुलगी हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. खोलीबाहेर पाटी नाही, हे मला खटकलं. मी पेंटर बोलावला आणि जिन्यावरूनही वाचता येईल अशी लाल अक्षरांत पाटी करून घेतली : ‘मानसिक आरोग्य समुपदेशन कक्ष’.

“सर, ती काढा,” मॅडम म्हणाल्या. “न्हायतर नुसतं ‘कॅरम’ लिवा.”

“समितीला कॅरम दाखवू होय, मॅडम?” मी हसण्यावारी नेलं.

समितीनं पाटीचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी जिन्यावरून कुणीतरी ओरडलं, “काय गं, स्क्रू ढिला झालाय व्हय?” स्वाती खोलीच्या दारातून मागं फिरली. काही दिवसांत तिचे वडील हॉस्टेलमधून सामान घेऊन गेले. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले. मॅडम तेवढ्या रोज येऊन कॅरम पुसत.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, मुलं का येत नाहीत? मी म्हणालो, “मॅडमचं मुलांशी जमलं नाही.” पाटीचा विषय मी काढलाच नाही. पुढच्या सत्रात त्यांना बोलावलं गेलं नाही.

वर्षभरानं स्वातीचे वडील दाखला न्यायला आले. “हितं पोरीला येडी म्हटलं, साहेब. मॅडम तेवढ्या येत्यात दर रविवारी, कॅरम खेळायला. पोर आता जातीया गावातल्या कॉलेजात.” त्यांनी हे सगळं माझ्याकडं न बघता सांगितलं.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. शोकसभेत एक तरुण प्राध्यापक म्हणाला, “हुशार होत्या, पण त्यांचं मुलांशी जमलं नाही.” त्यानं मॅडमना कधी पाहिलंही नव्हतं. वाक्य माझंच होतं. माझ्या तोंडून निघून ते कॉलेजभर फिरलं आणि शेवटी त्यांच्या फोटोसमोर येऊन उभं राहिलं. मी तिथंही गप्पच बसलो. म्हणून आता लिहितोय : त्यांचं मुलांशी जमत होतं. मुलं माझ्या पाटीनं तुटली.

कॉलेजातल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी मी खोलीची किल्ली घ्यायला गेलो होतो. मला त्या नेहमी सर म्हणत. त्या दिवशी मान वर करून म्हणाल्या, “या पावणं, बसा की.”

थर्मासमधला चहा त्यांनी दोन कपांत ओतला. कॅरमवर पावडर टाकली आणि माझ्याकडं बघत राहिल्या. कसली घाई नव्हती. बैठकीत मी काय बोललो, ते त्यांच्या कानावर गेलं असावं. मी शिरोळच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो. एसटीच्या वेळांबद्दल बोललो. त्या ऐकत राहिल्या.

चहा संपला. मी किल्ली उचलून दारापर्यंत आलो.

“बरं, या पावणं,” त्या म्हणाल्या.