उपासाच्या पिठाची चॉकलेट बिस्किटं

आमच्या पेठेत गेल्या पन्नास वर्षांत एकच खरा निष्ठावान भक्त होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. हे माझं मत नाही. देवळाच्या जीर्णोद्धार समितीने मामांना शाल-नारळ देताना माइकवरून तसं जाहीर केलं होतं, आणि माइकवरून जाहीर झालेल्या गोष्टीची पुन्हा चौकशी करायची आमच्याकडे पद्धत नाही. मामांचा देवावर विश्वास नव्हता, एवढं फक्त माहितीसाठी सांगून ठेवतो.

मामा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. म्हणजे ते लाकडाचा नमुना कोरायचे, त्यावरून वाळूत साचा उठायचा आणि साच्यात लोखंड ओतलं जायचं. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून नमुना नेमका किती मोठा ठेवायचा, हे मामांच्या बोटांना ठाऊक होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते रिटायर झाले आणि हा सगळा नेमकेपणा घरावर सुटला. मामींनी ताटात पोळी वाढली की ते कडेनं बोट फिरवून "हिकडं जाड हाय" असा निकाल द्यायचे. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मला 'पावणं' म्हणायचे, आणि भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघून दर खेपेला सांगायचे, "पावणं, तुमचा डावा खांदा खाली हाय. तवाच सांगनार हुतो, पर मुलीकडचा मानूस, गप बसलो." देवाच्या बाबतीतही त्यांचं बोलणं असंच कारागिराचं होतं. देवळात कुणी ओढून नेलंच, तर मूर्ती खालीवर न्याहाळून म्हणायचे, "घडवनारा हुशार. फुडचं मला म्हाईत न्हाय." मामींचे सोमवार, गुरुवार, एकादशी आणि संकष्टी असे उपास असत. त्यावर मामांचा चाळीस वर्षं एकच प्रश्न होता, "देवाला तुझ्या पोटाशी काय करायचंय?" मामी चाळीस वर्षं उत्तर न देता त्यांच्यासमोर खिचडी खात होत्या.

मामांची नात चिमी दुसरीत असताना तिचं पोट सारखं बिघडायला लागलं. पोर वाळत चालली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की गव्हाचा कणसुद्धा हिच्या पोटात जाता कामा नये. त्या काळात कोल्हापुरात साखर बाधते हे लोकांना पटत होतं, पण गहू बाधतो म्हटल्यावर माणसं आमच्याकडेच संशयानं बघत. भात-आमटी खाऊन चिमी सावरली. पण एकदा तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या काकांनी अमेरिकेहून चॉकलेटचे तुकडे घातलेल्या बिस्किटांचा डबा आणला. वर्गात प्रत्येकाला एक बिस्किट मिळालं आणि चिमीच्या हातावर बाईंनी लिमलेटची गोळी ठेवली. चिमी रडली नाही. तिनं आपल्या वाटणीचं बिस्किट मागून घेतलं, कागदात गुंडाळून घरी आणलं आणि आजोबांपुढे ठेवून विचारलं, "आजोबा, असं बिनगव्हाचं करता येतं काय हो? वाढदिवसाला मला वर्गात वाटायचंय. मी पण खायचं आणि त्यांनी पण खायचं."

मामांनी चष्मा लावला, फौंड्रीतला मापाचा व्हर्नियर काढला, बिस्किटाचा व्यास घेतला, जाडी तीन ठिकाणी मोजली, मग ते मधोमध मोडून चॉकलेटचे तुकडे मोजले. अकरा निघाले. "करता येतंय की," ते म्हणाले, "नमुना हाय म्हटल्यावर काय अवघड हाय?" वाढदिवस सहा महिन्यांवर होता.

पहिली बिस्किटं ज्वारी आणि तांदळाच्या पिठाची झाली. मामींच्या काचेच्या झाकणाच्या गोल ओव्हनमध्ये ती भाजली आणि चिमीनं दोन खाल्ली. त्यानंतर तीन दिवस ती अंथरुणात होती. मामांनी त्या तीन दिवसांत दाढी केली नाही. चौथ्या दिवशी ते गिरणीत जाऊन स्टुलावर बसले आणि सकाळपासून दुपारपर्यंत नुसतं बघत राहिले. गहू, ज्वारी, गहू, तांदूळ, गहू. एकाच जात्यातून. परत आले ते एवढंच म्हणाले, "माज्या हातनं पोरीला गहू चारला मी."

गिरणीवाले अण्णा हा सज्जन माणूस. त्यांच्या कपाळावरचं भस्म कुठे संपतं आणि पीठ कुठे सुरू होतं हे कळत नसे. मामांनी त्यांना चिमीचा आजार समजावून सांगितला आणि आमचं दळण टाकण्याआधी जातं उघडून साफ करा अशी विनंती केली. अण्णा हसले. "मामा, गव्हानं कुनाला काय हुतंय व्हय? माझी नातवंडं गव्हावरच पैलवान झाल्यात. आनि जातं खोलायचं म्हंजे अर्धा तास गिरन बंद. ही रांग बघा की!" मामा वाद घालणार, इतक्यात रांगेतल्या एका बाईंनी उपासाचं दळण आहे म्हणून सांगितलं. अण्णांनी तिथल्या तिथे पट्टा उतरवला, जातं उघडलं, ब्रशनं घासलं, फडक्यानं पुसलं, डबासुद्धा धुऊन घेतला. रांगेतलं कुणी चकार शब्द काढला नाही. मामा हे सगळं उभ्या उभ्या बघत होते.

पुढच्या गुरुवारी ते राजगिरा आणि वाळका शिंगाडा घेऊन गिरणीत हजर झाले. अण्णांनी डब्यात डोकावून पाहिलं. "एवढं? मामी एकट्या खात्यात व्हय?"

"न्हाय," मामा म्हणाले, "मी बी धरलाय. गुरुवार."

लाकडात अर्ध्या मिलीमीटरची लबाडी ज्यांना कधी सहन झाली नाही, त्या माणसाचं हे आयुष्यातलं पहिलं सरळसोट खोटं असावं. अण्णांना गहिवरून आलं. त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला, मामांच्या काळ्या कोटावर पाच बोटं पांढरी उमटली, आणि संध्याकाळपर्यंत पेठेला कळलं की मामा वळले.

पण अडचण अशी होती, की गिरणीच्या बरोबर समोर मिसळीचं दुकान होतं, आणि दर गुरुवारी फौंड्रीतले जुने सोबती तिथं जमत. मामांच्या आठवड्याची उभारणीच मिसळीच्या त्या लालभडक कटावर होती. आता अण्णा दारात उभे राहून बघणार. खोटं टिकवायचं तर उपास खरा करणं भाग होतं. मामा सोबत्यांच्या टेबलावर बसून नुसता चहा पिऊ लागले. "काय बुवा, आज दर्शन न्हाय व्हय रश्श्याचं?" "बुवांचा रस्सा मला द्या, पुन्य लागंल!" मामा बशीत चहा ओतून फुंकत बसत. खरं सांगावं तर ते चौघांना कळणार, म्हणजे कोल्हापूरला कळणार. घरी मामींनी मात्र चाळीस वर्षांची उधारी एका वाक्यात वसूल केली. खिचडीची ताटली त्यांच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "खावा. देवाला तुमच्या पोटाशी काय करायचंय, ते त्यालाच इचारू."

बिस्किट मात्र सहजासहजी वठेना. शिंगाडा घट्ट बसे, राजगिरा भुगा होई. शेंगदाण्याचं कूट घातलं, खोबरं घातलं, गूळ घातला, लोणी वाढवलं. शेवटी मामांनी अंडं फोडलं. शिंगाड्याचं पीठ आणि अंडं एका भांड्यात आलेलं बघून मामी हात जोडून स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या. चॉकलेटचे तयार तुकडे तेव्हा आमच्या गावात मिळत नसत. मामा वडीच आणून लाकूड कोरायच्या पटाशीनं एकसारखे तुकडे पाडत. पण त्यांना खरा धक्का दिला तो बिस्किटाच्या पसरण्यानं. "पावणं, लोखंड गार हुताना आकसतंय," ते मला कळवळून सांगत, "आनि हे गरम हुताना पसरतंय. सगळं हिशेब उलटं!" पंचवीस प्रयत्न झाले असतील. सगळे फसलेले नमुने आम्ही नातेवाइकांनी खाल्ले. लोडशेडिंगमध्ये अर्धवट राहिलेली बिस्किटं तर मी चमच्यानं खाल्ली आहेत.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांनी व्हर्नियर मिटला. अमेरिकेतल्याइतकाच व्यास, तेवढीच जाडी, प्रत्येकात अकरा तुकडे. चिमीनं डबा शाळेत नेला आणि रिकामा परत आणला. "सगळ्यांनी खाल्लं," ती दारातूनच ओरडली, "आणि मी पण!" तिचं पोट दुखतं का हे बघायला मामा तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. दुखलं नाही. चौथ्या दिवशी ते दाढी करून पेठेतून एक चक्कर मारून आले. काम काही नव्हतं. मी बरोबर होतो आणि विनाकारण छाती काढून चाललो होतो.

मग तो सत्कार. समितीच्या अध्यक्षांनी मामांची उदाहरण म्हणून निवड केली होती, आणि सूचना अर्थातच अण्णांची. 'नास्तिकसुद्धा शेवटी कसा शरण येतो' यावर अध्यक्ष अर्धा तास बोलले. शरण आलेला माणूस खाली मान घालून शालीची शिवण तपासत होता. मला भीती होती ती नंतरची. मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि गुरुवारचं ते एक सोडलं, तर त्यांच्या तोंडून खोटं निघत नाही हे आम्हाला ठाऊक. खरं बोलले असते, तर अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं आणि मामांचं नाव जन्मभर निघालं असतं. पण जातं पुन्हा उघडलं नसतं. मामा माइकपुढे उभे राहिले. पुढच्याच रांगेत चिमी बसली होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "अन्ना जातं लई स्वच्छ ठेवत्यात. तेवढं तसंच चालू ऱ्हाऊ द्या." आणि खाली बसले. एवढा मान मिळूनही श्रेय दुसऱ्याला दिलं म्हणून टाळ्या पडल्या. आयुष्यभर ज्याची टिंगल केली तेच बिरुद त्या माणसानं नातीसाठी मुकाट्यानं अंगावर पांघरून घेतलं होतं. त्या मांडवात हे कळणारी आम्ही घरची चार-पाच माणसं होतो. मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, की शेजारच्या गृहस्थांना मी समितीचा माणूस वाटलो.

मामांनी दहा-अकरा वर्षं गुरुवार पाळले. चिमी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेली, तेव्हा तिच्या सामानात बिस्किटांचे दोन डबे होते. त्यानंतर दोन वर्षांनी मामा गेले. तेराव्याला चिमी आणि मी पायरीवर बसलो होतो. मी म्हटलं, आता तशी बिस्किटं तुला कोण करून देणार? ती म्हणाली, "काका, आजोबांना मी कधी सांगितलं नाही. मला वर्गात वाटायला पाहिजे होती. चॉकलेट मला आवडत नाही."