कळशीवरचं नाव

ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आमच्या महिला मंडळाची चिटणीस होते. एका दवाखान्यात जळालेल्या बायकांच्या वॉर्डात खाटा कमी पडायच्या, काहीजणींना जमिनीवर निजवायचे. त्यांच्यासाठी खाटा घ्यायच्या होत्या. हळदीकुंकवाच्या वर्गणीतून खाटा येत नाहीत हे कळल्यावर मीच कल्पना काढली. घरोघरची फुटकी तांब्या-पितळेची भांडी मागायची, ती मोडीत न घालता तांबटाकडून त्यांचं भिंतीवर लावायचं मोठं चित्र करून घ्यायचं आणि एखाद्या पैसेवाल्याला विकायचं. कल्पना माझी, म्हणून मिरवलेही मीच.

आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं फडताळात चढत नाही. तांबटाने पत्रे ठोकून सरळ केले, त्यांतून लुगडं नेसलेली बाई जुळवली आणि नावं मुद्दाम लुगड्यावर येऊ दिली.

"बुट्ट्यागत दिसत्यात की," म्हणाला. खरंच तशी दिसत होती.

कसबा बावड्याची एक शेतकरीण चालत कळशी घेऊन आली. कळशी तांब्याची होती, धड होती. "लेकीची हाय," म्हणाली. लेक गारगोटीला दिली होती. स्टोव्हचा भडका उडाला, असं सासरच्यांनी सांगितलं. आठ दिवस पोर त्याच वॉर्डात जमिनीवर पडून होती, मग गेली. वर्षाच्या आत जावयाचं दुसरं लग्न झालं आणि कळशी माहेरी परत आली. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं. कळशीवर मात्र आईने हट्टाने माहेरचंच घालून घेतलं होतं, तीन अक्षरांचं.

"नाव ऱ्हाईल न्हवं, बाई?"

"राहील की. माझा शब्द."

शब्द द्यायला माझं काय जात होतं! तांबटाने ती कळशी उभी अर्धी कापली आणि नावाची बाजू चित्रातल्या बाईच्या कमरेवर बसवली.

चित्र एका कारखानदाराला पसंत पडलं. अट एकच. परक्या बायकांची नावं, त्यातल्या जिवंत किती नि मेलेल्या किती कोण जाणे, त्याला आपल्या दिवाणखान्यात नको होती. मंडळात कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. खाटा महत्त्वाच्या, असं मी मनाला बजावलं. गिऱ्हाईक गेलं तर आपलं हसं होईल, ही भीतीही तेवढीच होती.

"कानस मारतो," तांबट म्हणाला, "पन तुम्ही सांगितलंसा, ह्ये ध्यानात ठेवा." त्याने सगळी नावं घासून काढली. कळशीच्या काठाखाली बनवणाऱ्याचा छाप तेवढा राहिला.

त्या बाईला कळवायचं मी विसरले नव्हते. टाळलं होतं. चित्र न्यायच्या आदल्या दिवशी ती आपणहून बघायला आली. पदराने हात पुसून चित्रासमोर उभी राहिली.

"कुठं हाय तिचं नाव?"

तिला वाचता येत नव्हतं. आणि मी, पोरांना अक्षरं गिरवायला लावणारी, तिचा हात धरून त्या छापावर ठेवला. "हे बघा, इथं."

तिने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"ह्ये तिचं न्हाय, बाई. परत आल्यापास्नं रोज चिंच लावून घासलिया मी. माझ्या बोटाला ठावं हाय." मग तिचा अंगठा खाली सरकला आणि गुळगुळीत पत्र्यावर थांबला. "हितं हुतं."

मी काहीतरी बोलू लागले, खाटांचं, कारखानदाराचं. तिने ऐकून घेतलं.

"त्यांनी जाळली ती जाळली," ती म्हणाली, "तुम्ही तर शाळेच्या बाई हायसा की."

ती गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चित्र दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे गेलं.

खाटा आल्या. दान दिलेल्या वस्तूवर नाव घालायची रीतच आहे, तेव्हा प्रत्येक खाटेच्या उशाशी मंडळाचं नाव रंगवायचं ठरलं. रंगाऱ्याला मजकूर मीच लिहून दिला, आणि खाली चिटणीस म्हणून माझं नाव.