काकांनी पिंडासमोर दिलेला शब्द

बाबा गेले तेव्हा आमच्या वरच्या खोलीत सुदानचा एक विद्यार्थी भाड्याने राहत होता. इंदूरला फार्मसी शिकायला आलेला. गल्लीत त्याला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. बाबांनी दिली, आणि तेव्हापासून काका रोज संध्याकाळी ओट्यावर बसून परक्याला घरात ठेवू नये म्हणून त्यांच्याशी वाद घालू लागले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहणारे.

बाबा इतिहासाचे शिक्षक होते. ते म्हणत, आपले पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आले, तेव्हा माळव्याच्या लोकांना आपण तरी कोण होतो? काकांचं उत्तर ठरलेलं: आपली बात अलग आहे, आपण याच देशाचे. त्यावर बाबा विचारत, मग मणिपूरहून शिकायला आलेल्या मुलीला चौकात चिनी का म्हणतात? काका 'दादा, तू जीतलास,' म्हणून उठत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू करत.

शेवटच्या आजारात तो मुलगा बाबांना धरून अंगणात फिरवायचा. बाहेर पोरं त्याला 'ए कालिया' म्हणून ओरडत. तो मान वळवत नसे. बाबा मात्र थांबून त्यांना झापत.

सुतकातच काकांनी मला सांगितलं की घरात आता तू एकटी आहेस, दहावं झालं की त्याला खोली रिकामी करायला सांग. त्यांना माझी काळजी होती, हे खोटं नव्हतं. मुलाच्या कानावर ते गेलंच. त्याची परीक्षा तोंडावर होती, दुसरी खोली मिळत नव्हती. तरी मला म्हणाला, 'दीदी, मैं चला जाऊँगा. आप घर में झगड़ा मत करना.'

दहाव्याला आम्ही नर्मदेवर गेलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही खाली येईना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, असं आमच्याकडे समजतात. मग जवळची माणसं हात जोडून एकेक शब्द देतात. आत्या म्हणाली, पोरीकडे लक्ष देऊ. मामा म्हणाले, पुस्तकं लायब्ररीला देऊ. ऊन चढलं. शेवटी गुरुजी दर्भाचाच कावळा करायला बसले.

काय बोलायला हवं ते मला ठाऊक होतं, पण चारचौघांत आवाज फुटेना. तेवढ्यात काका ओलेत्यानेच पुढे झाले. कुणाकडे न बघता म्हणाले, 'दादा, वरचा पोरगा राहील. शिक्षण होईपर्यंत राहील. मी बघतो त्याचं. आता ये.'

थोड्या वेळाने कावळा आला. भुकेनेही आला असेल. मला रडू आलं ते काकांकडे बघून.

घरी आल्यावर काका आधी वर गेले. मुलाने बॅग भरून ठेवली होती. 'खोल ये सामान,' काका म्हणाले. 'और सुन भिया, गली में कोई कुछ बोले तो मुझे बताना.'

काकांचं मत अजून तेच आहे. आता ते माझ्याशी वाद घालतात, आणि मला बाबांसारखं उत्तर देता येत नाही. कधी तो मुलगाच खाली येऊन आपली बाजू मांडतो. काका त्याला मध्येच तोडतात, तोही सोडत नाही. मी आत भाजी निवडत ऐकते. बाबांच्या मागे हे घर गप्प झालं नाही, याबद्दल मी त्या दोघांची ऋणी आहे.