सातबाऱ्यावर नसलेली वस्ती

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि ज्यांनी विसरायला सांगितलं त्यांनाही विसरलेलो नाही.

पुणे शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावाचं पोलीस ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. मी शिपायापासून चढत आलेला, त्यामुळे वरच्यांना कधी पचलो नाही. एका सकाळी हजेरी संपली आणि ओढ्याकाठच्या वस्तीत भाड्याने राहणाऱ्या एक बाई आल्या.

“सायेब, पाऊस नाय, ढग नाय, अन् वढ्याला गढूळ पाणी येतंय. चार दिस झालं, धुणं पिवळं निघतंय.”

“मावशी, साबण बदला,” ठाणे अंमलदार म्हणाला.

मला हसू आलं नाही. पोरवयात मी तलावाच्या कामावर माती वाहिली आहे. वस्तीच्या वर एका फार्महाऊसवाल्याचं खासगी मातीचं धरण होतं. मातीच्या धरणातून स्वच्छ पाणी पाझरलं तर एक वेळ चालतं. गढूळ आलं, म्हणजे धरण आतून वाहून चाललंय. स्टेशन डायरीत नोंद केली आणि वर धरणावर गेलो.

पाणी सोडा म्हटल्यावर मालकाने धरणाच्या तपासणीचा दाखला पुढे केला. “कमी धोक्याचं धरण, साहेब. रविवारी तळ्याकाठी लग्न आहे. तोवर पाणी हलणार नाही.”

दाखल्यावर सही करणाऱ्या अभियंत्याला ठाण्यात बोलावलं.

“धोका कमी, हे कशावरून ठरवलंत?”

“धरण फुटलं तर खाली किती माणसं सापडतील, त्यावरून. खाली वस्ती नाही.”

“जाऊन पाहिलंत?”

“अहो, सगळे सातबारे पाहिले. पडीक जमीन आहे. एकही घर नाही.”

मी सुन्न झालो. माणूस खोटं बोलत नव्हता. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची घरं सातबाऱ्यावर येत नाहीत, हे मंडईतल्या भाजीवालीलाही ठाऊक असतं.

मी कपाटातून भाडेकरू नोंदणीचे फॉर्म काढून त्याच्यापुढे टाकले. ओढ्याकाठची एकसष्ट कुटुंबं, फोटोंसह. दहाबारा फॉर्म उलटल्यावर त्याचे हात थांबले.

“साहेब, आधी माणसं हलवा. मग पाणी सोडू.”

वस्ती शाळेत हलवली आणि पुन्हा मालकाकडे गेलो.

“सोमवारी सोडतो.”

“आत्ता.”

“निदान उद्या?”

“आत्ता सोडलंत तर सहकार्य केलं असं लिहितो. नाही तर सोडणाराही मी आणि लिहिणाराही मीच.”

त्याने व्हॉल्व्ह उघडला. पाणी उतरलं तेव्हा आतल्या बाजूला माणूस शिरेल एवढं भगदाड दिसलं. तिथेच पंचनामा केला.

कोणी मेलं नाही, म्हणून शाबासकीही नाही. उलट, कोणत्या अधिकारात पाणी सोडायला लावलं, याचा खुलासा मागवला गेला. पुढे बदली. तो राग अजून आहे.

पण खरा धक्का मला खुलासा लिहिताना बसला. त्या एकसष्ट फॉर्मांवर सह्या माझ्याच होत्या. प्रत्येक फोटोत मी गुन्हेगार शोधला होता. ही माणसं कशाच्या खाली राहतात, हे मीही कधी जाऊन पाहिलं नव्हतं.