काय काय मारता येतं

नव्याण्णव साली करुणा गायकवाड शिरूरहून एसटीने सणसवाडीजवळच्या एका शाळेत यायची आणि चौथीला छडीशिवाय शिकवायची. "कुणी कुणाला मारायचं नाही," असं तिने सांगितलं, तेव्हा तेजश्रीने विचारलं, "बाई, मग गप्पा पण मारायच्या न्हाईत?"

उपदेशाने पोरं झोपतात, हे करुणाला ठाऊक होतं. तिने वर्गाचे पाच गट केले आणि कुणाला न दुखवता काय काय मारता येतं ते शोधायला लावलं. उडी, शिट्टी, मिठी, हाक अशा शब्दांनी फळा भरला.

त्याच दुपारी सरोजने तेजश्रीच्या डोक्यात कंपासपेटी घातली. सरोजचे वडील उत्तर प्रदेशातून कंपनीत कामाला आलेले. तेजश्रीचे आजोबा पोपटराव गावच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष, ते लगेच वर्गात हजर.

"बाई, दोन छड्या मारा हिला. न्हाईतर तुमची बदली करतो."

करुणाने गटांनाच विचारलं, भांडण कशावरून झालं. शेवटी एका गटातली भाग्यश्री म्हणाली, "सगळी तिला भैयीण म्हंत्यात. नावानं हाक कुणीच मारत न्हाई."

सरोजने पेटी मारल्याबद्दल माफी मागितली. मग पाचही गटांनी पाळीपाळीने तिला नावाने हाक मारली. तेजश्री आजोबांकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "सरोज."

पोपटराव दाराकडे वळले. "बदलीचं बघतोच मी."

"बघा की आप्पा," करुणा म्हणाली. "आता तास चाललाय, जाताना दार लोटून घ्या."